खेळणे आणि मांडणे : मुक्तविश्वातील क्रीडानंदाची मीमांसा

१

मराठीत खेळ नुसता खेळला जात नाही. तो मांडला जातो. मुली भातुकली मांडतात, वडीलधारी माणसे सोंगट्यांचा पट मांडतात, पत्त्यांचा डाव मांडतात. आणि खेळ आटोपला म्हणजे मांडलेले मोडतातही. ‘खेळणे’ आणि ‘मांडणे’ ह्या दोन क्रियापदांतील भेद आपल्या नित्य परिचयाचा आहे, आणि म्हणूनच त्याची मीमांसा करण्याचे आपणांस सहसा सुचत नाही. खेळणारा आधी ठरलेल्या नियमांच्या आत शिरतो. मांडणारा मोकळ्या जागेवर ते नियम प्रथम अस्तित्वात आणतो. भातुकलीतील खापराचा तुकडा ताट होतो तो कोणा कारागिराने तसा घडविला म्हणून नव्हे, तर मांडणारीने तसे ठरविले म्हणून.

ज्यांना ‘ओपन-वर्ल्ड’ अथवा ‘सँडबॉक्स’ असे म्हणतात त्या व्हिडिओ गेममधील आनंदाचे मर्म ह्या दुसऱ्या क्रियापदात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. हा आनंद स्वातंत्र्याचा आनंद होय, असे सामान्यतः सांगितले जाते. विस्तीर्ण प्रदेश, वाटेल तिकडे जाण्याची मुभा, वाटेल ते करण्याची सोय : एवढ्यावर त्याचा उलगडा झाला असे मानण्याची रीत आहे. आमच्या मते हे अर्धसत्य आहे. स्वातंत्र्य ही ह्या आनंदाची पूर्वअट खरी; पण आनंद उपजतो तो त्या स्वातंत्र्याला खेळणाऱ्याने आपण होऊन घातलेल्या नेमातून.

प्रथम परिभाषेचा प्रश्न. ‘सँडबॉक्स’ म्हणजे पाश्चात्त्य उद्यानांतून मुलांसाठी केलेला वाळूचा हौद. आपल्याकडे असा हौद नव्हता, नदी होती. ‘वाळवंट’ ह्या शब्दाचा आज रूढ झालेला अर्थ मरुभूमीचा असला तरी नदीकाठची वाळू हा त्याचा जुना अर्थ पंढरीच्या संदर्भात अजून जिवंत आहे. चंद्रभागेच्या वाळवंटी वारकऱ्यांचे जे खेळ होतात त्यांना आखलेले मैदान नसते. फुगडीला जोडीदार आणि पायाखाली वाळू एवढे पुरते. ह्यास्तव ‘वाळवंटी खेळ’ ही संज्ञा सँडबॉक्ससाठी योजण्यास हरकत नसावी. ‘ओपन-वर्ल्ड’ला ‘मुक्तविश्व’ म्हणता येईल. ह्या दोन संज्ञा एकच नव्हेत. पहिलीने खेळण्याची रीत सांगितली जाते, दुसरीने जागेचा विस्तार. ह्या भेदाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

हा विषय महानगरांपुरता आहे असेही समजू नये. मुखेड, कंधार, देगलूर ह्या पट्ट्यात व्हिडिओ गेमचा प्रसार मुख्यतः मोबाईलच्या द्वारा झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि पूर्वी शहरांतील सायबर कॅफेंपुरते असलेले हे खेळ तालुक्याच्या गावी पोहोचले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी ह्या भाषा जेथे एकमेकींत मिसळतात त्या ह्या सीमावर्ती भागातील मूल आज परक्या, बहुधा अमेरिकन वळणाच्या, नगरात मोटार चालविते. ते तेथे काय करते, आणि त्यात त्याला कशाचे सुख होते, हा प्रश्न समाजशास्त्राइतकाच सौंदर्यशास्त्राचाही आहे.

२

आस्वादाच्या मीमांसेसाठी मराठी समीक्षेपाशी एक जुने पण समर्थ साधन आहे. १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी वाङ्मयानंदाच्या स्वरूपाविषयी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपण आपणच आहोत ही जाणीव त्याला सोडून जात नाही; ह्या दुहेरी अवस्थेतच आनंद आहे, असा तिचा आशय. समाधी नसेल तर वाचक कोरडा राहील; विकल्प नसेल तर तो भ्रमिष्ट होईल.

ही उपपत्ती व्हिडिओ गेमला लावून पाहिली असता एक साम्य आणि एक भेद तत्काळ दिसतो. साम्य असे की, येथेही दुहेरी जाणीव आहे. पडद्यावरील पात्र गोळी लागून पडले की खेळणारा ‘मेलो रे!’ असे ओरडतो आणि दुसऱ्याच क्षणी शांतपणे पुन्हा आरंभ करतो. भेद त्याच उद्गारात आहे. कादंबरीचा नायक मरण पावला तर वाचक डोळे पुसतो. ‘मी मेलो’ असे तो म्हणत नाही. प्रथमपुरुषी एकवचन हा ह्या कलेचा विशेष होय. वाचकाला ज्या अनुभवात शिरावयाचे असते तो लेखकाने आधीच घडवून ठेवलेला असतो. खेळणाऱ्याला ज्यात शिरावयाचे तो अनुभव त्याच्या कृतीवाचून घडतच नाही. म्हणजे केळकरांच्या समाधीत ‘विकल्प’ हा आपण आणि परका ह्या दोहोंमधला होता. येथे त्याला ‘हे करीन की ते करीन’ असा दुसरा अर्थ येऊन मिळतो. सविकल्प ह्या विशेषणाचे हे दोन्ही अर्थ जेथे एकत्र नांदतात तेथे मुक्तविश्वातील क्रीडानंद आहे, असे म्हणता येईल.

पाश्चात्त्य विचारांतून दोन आधार घेण्यासारखे आहेत. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ ह्या ग्रंथात खेळ हा संस्कृतीचा उपपदार्थ नसून तिचे मूळ आहे, असे प्रतिपादन केले. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा याने १९५८ मध्ये खेळांचे वर्गीकरण करताना दोन ध्रुव कल्पिले : एका टोकास उत्स्फूर्त, उधाणलेला, नियमरहित खेळ, ज्याला तो ‘पैदिया’ म्हणतो; दुसऱ्या टोकास नियम, कौशल्य आणि स्वेच्छेने पत्करलेल्या अडचणी, म्हणजे ‘लुदुस’. आमच्या विवेचनास कायवाचे हे दुसरे टोक विशेष उपयोगी आहे. बुद्धिबळात अडचण नियमांनी दिलेली असते. वाळवंटी खेळात ती खेळणाऱ्याने स्वतः उभी केलेली असते. पैदियापासून लुदुसपर्यंतचा प्रवास येथे एकच माणूस एकाच बैठकीत करतो.

३

खेळणाऱ्यांच्या वर्तनाचे सर्वांत प्रसिद्ध वर्गीकरण रिचर्ड बार्टल यांचे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांनी आरंभिलेल्या व पुढे बार्टल यांनी विकसित केलेल्या शब्दमय सामूहिक खेळाच्या अनुभवावरून त्यांनी १९९६ मध्ये खेळणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले : यश मिळविणारे, धुंडाळणारे, मैत्री जोडणारे आणि इतरांवर तुटून पडणारे. हे वर्गीकरण उपयुक्त असले तरी त्यात माणसांची विभागणी होते. प्रत्यक्षात एकच खेळणारा एका संध्याकाळी ह्या चारही रूपांत वावरतो. म्हणून माणसांऐवजी अवस्थांचा विचार करणे अधिक सयुक्तिक ठरेल. आमच्या मते मुक्तविश्वातील वर्तनाच्या चार अवस्था आहेत : चाचपणे, उधळणे, रुळणे आणि मांडणे.

चाचपणे ही पहिली अवस्था. नवा खेळणारा प्रथम कथानक शोधीत नाही. तो भिंतीला धडक देतो, पाण्यात उडी घेतो, पर्वतावर चढू पाहतो. जग कोठपर्यंत खरे आहे ह्याची ही परीक्षा असते. २०१७ साली निन्टेन्डोने प्रसिद्ध केलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ ह्या खेळाने ही परीक्षाच रचनेचे तत्त्व मानली. त्यात बहुतेक कडे चढून जाता येते, गवत पेटविता येते, आणि आरंभीचे पठार ओलांडल्यावर इतर सारे सोडून थेट अंतिम शत्रूच्या गढीकडे चालूही लागता येते. येथील आनंद जिज्ञासेचा आहे.

उधळणे ही दुसरी अवस्था, आणि टीकाकारांचे लक्ष बहुधा हिच्यावरच खिळते. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालेतील ‘व्हाइस सिटी’ (२००२) आणि ‘सॅन अँड्रियास’ (२००४) हे खेळ आपल्याकडे ज्या पिढीने खेळले तिला पादचाऱ्यांवर मोटार घालणे आणि मग पोलिसांच्या ताऱ्यांची संख्या वाढत जाताना पाहणे परिचित आहे. ह्या वर्तनाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्याचे स्वरूप ओळखले पाहिजे. वारूळ काडीने उकरणाऱ्या मुलाला मुंग्यांचा द्वेष नसतो. उकरल्यावर काय होते हे त्याला पाहावयाचे असते. म्हणून ही अवस्था चाचपण्याचीच अतिशयोक्ती आहे, आणि अतिशयोक्तीप्रमाणेच ती लवकर शिळी होते. प्रतिकार नसलेल्या जगाची मोडतोड करण्यात रस टिकत नाही, कारण रसाला विरोध लागतो.

रुळणे ही तिसरी अवस्था टीकाकारांनी सर्वांत दुर्लक्षिलेली आहे. काही काळाने तोच खेळणारा सिग्नलपाशी थांबू लागतो, समुद्राच्या कडेने विनाकारण मोटार नेतो, रेडिओवरील एखादे गीत संपेपर्यंत गाडीतून उतरत नाही. खेळ त्याला असे करावयास सांगत नाही आणि त्याबद्दल बक्षीसही देत नाही. परके नगर येथे ओळखीचे होते. ज्याने लॉस एंजेलिस पाहिलेले नाही अशा मराठवाड्यातील तरुणाला त्या शहराच्या प्रतिकृतीतील बोळ तोंडपाठ असतात, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकाने हसण्यावारी नेऊ नये. कादंबरीतील लंडन आपल्या आजोबांना असेच पाठ असे.

मांडणे ही चौथी अवस्था, आणि येथे आनंद परिपक्व होतो. स्वीडनमध्ये निर्माण झालेल्या ‘माइनक्राफ्ट’ ह्या खेळाचे पहिले सार्वजनिक रूप २००९ मध्ये आले आणि पूर्ण आवृत्ती २०११ मध्ये. त्याच्या विकलेल्या प्रतींची संख्या २०२३ पर्यंत तीस कोटींवर गेली. चौकोनी ठोकळ्यांच्या ह्या जगात अखेरीस एक अजगरी राक्षस आहे. परंतु खेळणाऱ्यांची कीर्ती त्या राक्षसाच्या वधावर अवलंबून नसते. कोणी किल्ला बांधतो, कोणी शेत करतो, कोणी आपल्या शाळेची इमारत उभारतो. कोणी ‘हार्डकोर’ रीत स्वीकारतो, ज्यात एकदा मरण आले की ते जग पुन्हा त्याच जिवाने जगता येत नाही. कोणी ठरवितो की, शस्त्र हाती धरावयाचेच नाही. हे सर्व नेम आहेत. श्रावणात एकभुक्त राहणाऱ्याला अन्नाची वाण नसते. असलेल्या विपुलतेत तो आपल्या मनाने एक रेषा ओढतो, आणि त्या रेषेमुळे दिवसाला आकार येतो. मुक्तविश्वातील खेळणारा नेमके हेच करतो.

४

ह्या उपपत्तीची कसोटी अशा खेळावर घ्यावयास हवी की ज्यात स्वातंत्र्य जवळजवळ अमर्याद आहे आणि निर्मात्याने रचलेला आशय अत्यल्प. असे उदाहरण भारतातच उपलब्ध आहे. रोहित गेमिंग स्टुडिओचा ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’ हा मोबाईलवरील खेळ आपल्याकडील मुलांत अतिशय लोकप्रिय आहे. त्यात कथानक असे जवळपास नाही. पात्राच्या हाती एक फोन असतो. त्यावर ठराविक आकडे फिरविले की मोटारसायकल, चारचाकी, घोडा, हेलिकॉप्टर, जे हवे ते समोर उभे राहते. कष्ट नाहीत, मोल नाही, प्रतीक्षा नाही. स्वातंत्र्य हाच जर आनंदाचा उगम असता, तर येथे आनंदाची पराकाष्ठा व्हावयास हवी होती, आणि खेळणाऱ्याला आणखी काही करण्याची गरज उरावयास नको होती.

प्रत्यक्षात घडते ते निराळे. आकड्यांचे नावीन्य ओसरते आणि मुले प्रसंग रचू लागतात : एक जण दुकानदार, एक पोलीस; ही मोटार कर्जाची, ती चोरीची; अमुक पुलावरून उडी मारावयाची पण घोड्यावरूनच. एका मोबाईलभोवती तीन-चार जण बसतात. बोट एकाचे चालते, गोष्ट सर्वांची असते. हीच प्रवृत्ती मोठ्या प्रमाणावर हिंदी चित्रफितींतून दिसते. त्यांत ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’ (२०१३) मधील फ्रँकलिन हा अमेरिकन तरुण आणि जपानी व्यंगचित्रमालेतील शिनचॅन हा खोडकर मुलगा एका घरात भावांसारखे राहतात आणि चालक आपल्या आवाजात त्यांचे संसारनाट्य सांगत जातो. मूळ खेळात ह्यांतील काहीही नाही. भारुडातील सोंग उभे करणारा जसा पागोटे, काठी आणि आवाज ह्यांवर काम भागवितो, तसे येथे परक्या नगराचे साहित्य घेऊन आपले सोंग उभे केलेले आहे. ह्या कथांची वाङ्मयीन योग्यता कितीही अल्प असो. रिकाम्या स्वातंत्र्याला मनुष्य नेम आणि गोष्ट घालूनच भोग्य करतो, ह्याचा तो पुरावा आहे.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण मुंबईचे आहे. डेन्मार्कमधील आयओ इंटरॅक्टिव्ह ह्या संस्थेच्या ‘हिटमॅन टू’ (२०१८) मध्ये एक संपूर्ण प्रकरण मुंबईत घडते. चाळी, गल्ल्या, चित्रीकरणाची जागा, सारे बारकाईने रेखाटलेले असून ज्यांना मारावयाचे त्यांपैकी एकाचे नाव वझीर काळे असे आहे. खेळणारा न्हाव्याचा वेष घेऊन त्याच्या दाढीला बसू शकतो. अथवा दुसऱ्याच एका मारेकऱ्याच्या नेमाच्या टप्प्यात सावज आणवून स्वतः हात न लावता कार्य साधू शकतो. अभ्यासक ह्यालाही सँडबॉक्स म्हणतात. परंतु न्हाव्याची खुर्ची निर्मात्याने आधीच मांडून ठेवलेली आहे. खेळणारा ती शोधून काढतो. हा आनंद उत्तम कोड्याचा आहे आणि तो कमी प्रतीचा मुळीच नव्हे. मात्र त्यात मांडणारा निर्माता असतो. हाच खेळणारा जेव्हा ‘वेष न पालटता जाईन’ असा नेम करतो, तेव्हा मांडणी त्याच्या हाती येते. मुक्त विस्तार आणि वाळवंटी वृत्ती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत असे जे वर म्हटले, त्याचा प्रत्यय येथे येतो.

येथे एक आक्षेप संभवतो. नेम जर खेळणाऱ्याचाच, तर तो केव्हाही मोडता येईल; मग त्याला किंमत काय? हाउझिंगाने लबाड खेळाडू आणि खेळमोड्या ह्यांत केलेला भेद ह्याचे उत्तर देतो. लबाडी करणारा नियम मोडतो, पण खेळ मानतो. खेळमोड्या खेळच मानीत नाही, म्हणून तो अधिक अक्षम्य. स्वतःचा नेम चोरून मोडणारा खेळणारा मनात खट्टू होतो, हीच त्या नेमाची किंमत. आणि जेव्हा अनेकांनी मिळून बांधलेल्या माइनक्राफ्टमधील वाड्याला कोणी रात्री सुरुंग लावतो, तेव्हा ते दुसऱ्या अवस्थेतील उधळणे राहात नाही. कारण वारूळ आता मुंग्यांचे नसून माणसाचे असते. नैतिक निर्णय पडद्यावर किती रक्त दिसले ह्यावरून करावयाचा नसून, कोणाचा मांडलेला खेळ मोडला ह्यावरून करावयाचा आहे.

५

ह्या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व आता सांगावयास हवे. मुक्तविश्वाचा विस्तार वाढत गेला तसे अनेक निर्मात्यांनी तो कामांनी भरून टाकला. नकाशा उघडावा तर शेकडो खुणा : येथील बुरूज चढा, तेथील पेटी उघडा, अमुक पिसे गोळा करा. खेळणाऱ्याला ह्यात नेम करण्याची उसंतच उरत नाही. तो हजेरीपटावरील मजूर होतो. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या कर्त्यांनी ह्या वृत्तीची मार्मिक थट्टा केली आहे. त्या खेळात ९०० बिया दडविलेल्या आहेत; त्या सर्व जमविणाऱ्याला अखेर जे पारितोषिक मिळते त्याचा आकार सोनेरी विष्ठेसारखा आहे. ज्याने बिया फळासाठी वेचल्या त्याची फजिती झाली. ज्याने डोंगर हिंडण्याच्या निमित्ताने वेचल्या त्याचे काहीच गेले नाही.

ह्याहून गंभीर प्रकार फोनवरील अनेक खेळांत आढळतो. रोज हजर राहा म्हणजे बक्षीस, न आल्यास नुकसान, आणि अडले तेथे पैसे भरा. ज्या प्रदेशाने सावकारी जवळून पाहिली आहे त्याला ही रीत ओळखण्यास अडचण पडू नये : आरंभी उदारपणा, मग हप्ता. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती २०२२ च्या आरंभी अमलात आली तीत खेळाच्या अनावर नादाला विकार म्हणून स्थान मिळाले आहे. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ त्यांपासून वेगळे काढले. कायद्याने पैशाच्या आधारे रेषा ओढली हे योग्यच. परंतु कायद्याची रेषा जेथे संपते तेथून समीक्षेचे काम सुरू होते. पैसा नसलेला खेळही खेळणाऱ्याला राबवू शकतो. म्हणून पालक आणि शिक्षक ह्यांनी ‘मूल किती वेळ खेळते?’ ह्या प्रश्नाला ‘त्या खेळात मूल काही मांडते की नुसते पाळते?’ ह्या दुसऱ्या प्रश्नाची जोड द्यावी, असे सुचवावेसे वाटते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर घड्याळ देते. दुसऱ्याचे उत्तर मुलाशी बोलल्यावाचून मिळत नाही.

शेवटी आमच्या अभ्यासक्षेत्राविषयी. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या मुलांचा खेळ कोणी लिहून ठेवला नाही, म्हणून त्यातील संवाद, भांडणे आणि करार आज आपणांस उपलब्ध नाहीत. मोबाईलभोवती बसून मराठी-दखनी मिश्र बोलीत रचलेले प्रसंग त्याच वाटेने नाहीसे होत आहेत. खेळ नोंदला जातो तो यंत्रात. मांडणी नोंदली जात नाही, कारण ती पडद्यावर नसून खेळगड्यांच्या बोलण्यात असते. मराठवाड्यातील एखादे खेडे ज्यात उभे आहे असे नामांकित मुक्तविश्व आमच्या पाहण्यात नाही. तोवर परक्या नगरांत आपल्या मुलांनी कोणते गाव मांडले, हे टिपून ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे. लोकसाहित्याच्या विद्यार्थ्याने जात्यावरच्या ओव्या ज्या आस्थेने गोळा केल्या त्याच आस्थेने हे बोलणे गोळा करावे. त्यातील बरेचसे टाकाऊ निघेल. पण निवड करण्यासाठी आधी संग्रह असावा लागतो, आणि तो करण्याचा काळ हाच आहे.